हामातानीचा दहावा ठोका

हामातानी यासुजीने आयुष्यात दोनच कामं केली. आठवडाभर तो हिमी बंदरामागच्या कारखान्यात माशाच्या वाफवलेल्या वड्या करायचा, आणि रविवारी दुपारी एत्चू कुस्ती संघाच्या रिंगच्या कडेला बसून घंटा वाजवायचा. घंटा वाजवणं ऐकायला सोपं वाटतं. कुस्ती सुरू होताना एक ठोका, संपताना चार-पाच, मधल्या वेळात मुठीतल्या, कळ दाबून चालणाऱ्या घड्याळावर डोळा. पण पंचवीस वर्षांत त्याचा एकही ठोका कधी मागेपुढे झाला नाही, एक रविवार सोडला तर. मी हे लिहायला बसलो ते त्या एका रविवारासाठीच.

मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर असायचो. माझ्याकडे माईक. पैलवानांची नावं पुकारणं हे माझं रविवारचं काम, बाकीचे दिवस गावाच्या हजामती. आमच्याकडे न्हाव्याला तोकोया म्हणतात, आणि मला गावात दुसऱ्या नावाने कोणी हाक मारल्याचं आठवत नाही. हामातानी तर माझं खरं नाव विसरलाच असणार.

"तोकोया, 'लाल कोपरा' म्हणायला तुला चार सेकंद लागतात," तो म्हणायचा. "मागच्या वर्षी तीन लागायचे. म्हातारा झालास."

"तू अंडंसुद्धा घड्याळ लावून उकडतोस. तुझ्याशी कोण लग्न करणार," मी म्हणायचो. त्याने खरंच कधी लग्न केलं नाही, आणि मला ते वाक्य अजून टोचतं.

त्याला घंटेपाशी बसायचं नव्हतं, त्याला रिंगमध्ये जायचं होतं. तो आणि तोराओका गेन्झो शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी ठरवलं होतं की पैलवान व्हायचं आणि जोडीने लढायचं. सत्याऐंशी साली संघ निघाला तेव्हा परीक्षा होती पाचशे बैठकांची. तोराओकाने पाचशे मारल्या आणि वर हसून दाखवलं. हामातानीचा गुडघा चारशे साठाव्या बैठकीला गेला, तो गेलाच. तोराओका त्याला खांद्यावर टाकून घरी घेऊन गेला. वाटेत म्हणाला, "यासु, आत नाही तर बाहेर बस. पण जवळ बस." म्हणून हामातानीने घड्याळ हातात घेतलं.

आता पट्ट्यांबद्दल सांगतो. आमच्या संघाचं जोडी अजिंक्यपद एकोणनव्वद साली सुरू झालं. दोन पट्टे, दोन माणसांचे, पण अजिंक्यपद एकच. त्याचा सगळा इतिहास हामातानीच्या वहीत होता. कोण जिंकलं, किती मिनिटं, किती सेकंद, आणि पट्टे किती वेळा राखले. पहिली जोडी तीन महिने टिकली. दुसऱ्या जोडीचं फलकावर कुणाचं नाव आधी यावरून बिनसलं. तिसरीचं सांगण्यासारखं काही नाही. चौथी जोडी ओसाकाची पाहुणी होती, पट्टे घेऊन जी गेली ती आठ महिने तोंड दाखवेना. पाचवीने ते परत आणले. सहावी जोडी होती तोराओका आणि काजी एइसाकुची, आणि तिने चार वर्षांत अकरा वेळा पट्टे राखले. आमचं अजिंक्यपद खरं उभं राहिलं ते त्या दोघांमुळे.

जोडीची कुस्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. लढायला एका वेळी एकच जण आत. दुसरा कोपऱ्यात, दोरांच्या बाहेर. तिथे खांबाला हातभर लांबीची एक दोरी बांधलेली असते, ती त्याने एका हाताने धरून ठेवायची, सोडायची नाही. दुसरा हात आत लांब करायचा आणि वाट बघायची. आतल्याने येऊन त्या हातावर टाळी दिली की तो बाहेर आणि हा आत. टाळी मिळाल्याशिवाय बाहेरच्याला आत यायची सोय नाही, आणि जागा सोडून जायचीही नाही. तोराओका ती दोरी अशी ताणून धरायचा की सामना संपल्यावर गाठ सुटायची नाही. अजिंक्य जोडीचा कोपरा लाल, आणि आमचं टेबल लाल कोपऱ्याच्या बरोबर खाली. त्यामुळे सामनाभर त्याच्या पोटऱ्या आमच्या नाकासमोर असायच्या.

दोन हजार एकच्या डिसेंबरात एका सकाळी तोराओका धक्क्यावर चहा पिता पिता गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. आमच्याकडे थंडीत समुद्रावर गडगडाट होतो, त्यानंतर बुरी मासा किनाऱ्याला येतो. त्या सकाळी पहिला गडगडाट झाला, तोराओकाने समुद्राकडे बघितलं, म्हणाला, "आला," आणि बसल्या जागी कलंडला. रविवारी पट्टे राखण्याचा त्याचा बारावा सामना होता.

जोडीतला एक गेला की दुसऱ्याने दोन्ही पट्टे परत करायचे ही रीत. त्या रविवारी काजीने दोन्ही पट्टे रिंगच्या मधोमध ठेवले. लाल कोपऱ्यात तोराओकाचा फोटो ठेवला. प्रत्येक पैलवानाचा एक रंग असतो, तोराओकाचा पिवळा; त्याचं नाव पुकारलं की लोक पिवळ्या कागदी फिती फेकायचे, त्या दिवशीही फेकल्या. मग सगळे उभे राहिले. गेलेल्या पैलवानाला आम्ही घंटेचे दहा ठोके देतो. लोक डोळे मिटतात, मान खाली घालतात, आणि दहावा ठोका विरला की माणूस गेला असं धरतात. त्याआधी नाही.

मी डोळे मिटत नाही. पुढचं वाक्य माईकवाल्याचं असतं. हामातानीने ठोके दिले, सारख्या अंतराने, एक, दोन, तीन, असे नऊ. हातोडी वर गेली आणि वरच राहिली. नवव्याचा नाद विरला. हामातानी घंटेकडे बघत नव्हता. तो लाल कोपऱ्याकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. मग त्याने हातोडी अलगद टेबलावर ठेवली, तान्हं मूल ठेवावं तशी.

मी तरी काय करणार? मौन संपल्याचं जाहीर केलं. लोक रडत होते, रडणारा माणूस मोजत नाही. कोणाच्याही लक्षात आलं नाही, असं मी अकरा वर्षं धरून चाललो.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. मंगळवारी तो आला, खुर्चीत बसला, मी त्याच्या गळ्यात कापड बांधलं आणि विचारलं, "नऊ का?"

"बघितलंस?"

"मोजले."

तो आरशात स्वतःकडे बघायला लागला. मग म्हणाला, "तो उभा होता. फोटोच्या मागे, दोरांच्या बाहेर. डाव्या हातात दोरी. उजवा हात पुढे केलेला."

"काजीकडे?"

"काजी मध्ये उभा होता. हात मध्ये नव्हता केलेला, तोकोया. हात खाली केला होता. माझ्याकडे."

मला राग आला. दुःख सगळ्यांनाच झालं होतं, म्हणून कोणी घंटा अर्धी सोडत नाही. मी त्याला म्हणालो, तू झोपलेला नाहीस, तुझं डोकं ठिकाणावर नाही, पुढच्या रविवारी गुपचूप दहावा देऊन टाक आणि मोकळा हो. तो हो म्हणाला. पण दिला नाही. पुढच्या रविवारीही नाही, त्याच्या पुढच्याही. विचारलं की म्हणायचा, "दिला तर तो जाईल."

मग वहीत शून्य दिसायला लागलं.

सातवी जोडी आली, पहिल्याच सामन्यात पट्टे घालवून बसली. आठवीचं तेच, नववीचं तेच. हामातानी पानाच्या शेवटी लिहायचा, 'राखले: शून्य वेळा.' नशीब म्हणून मी सोडून दिलं. काही लोकांना वाटतं की आमच्यात सगळं आधी ठरलेलं असतं. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, स्वतःच्या पोटावर पाय कोण देणार. एवढंच सांगतो की ठरलेलं असो नसो, लाल कोपऱ्यात जे व्हायचं ते कोणी ठरवलेलं नव्हतं. दहाव्या जोडीतला इशिगुरो नावाचा पैलवान, शंभर किलोचा गडी, कधी कुणाला न भ्यालेला, तो पट्टे हरल्याच्या मंगळवारी माझ्याकडे आला. मी त्याच्या मानेवर वस्तरा धरला तेव्हा तो बोलायला लागला.

"तोकोया-सान, मी सरपटत कोपऱ्याशी गेलो. डोळ्यांत घाम. वर बघितलं तर दोन हात."

"दोघांचे चार असतात बाबा."

"माझा जोडीदार एकटा उभा होता बाहेर. त्याने एका हाताने दोरी धरलेली. मग पुढे केलेला हात एकच पाहिजे ना? दोन होते. मी जवळच्यावर टाळी दिली. बर्फात ठेवलेल्या माशाला हात लावावा तसं लागलं. पंच म्हणाला, टाळी झालीच नाही, परत जा. तेवढ्यात मागून धरलं मला."

त्याच्या मानेवरचे केस सगळे उभे होते, वस्तरा नीट चालेना.

मग मी बघायला लागलो. रविवारी सकाळी रिंग बांधून झाली की हॉल रिकामा असतो. कोपऱ्यांतल्या दोऱ्या सैल लोंबत असतात. निळ्या कोपऱ्यातली लोंबायची. लाल कोपऱ्यातली ताठ असायची, आडवी, कोणी धरून ओढावी तशी, आणि दुसऱ्या टोकाला काही नाही. मी एकदा बोटाने दाबून बघितली. ती दाबली गेली नाही. त्या दिवसापासून मी हामातानीला नावं ठेवणं सोडलं.

संघाचे मालक मिझुहाशी यांना हे कळलं तेव्हा त्यांनी फलक छापला, 'शापित पट्टे! कोण राखून दाखवणार?' हॉल भरायला लागला. माझं तोंड कडू झालं. हामातानीने फलक वाचला आणि एवढंच म्हणाला, "शाप नाही हो तो. तो वाट बघतोय." मालकांना वाटलं हाही छापण्यासारखा मजकूर आहे.

सामन्याच्या आधी हॉल रिकामा असताना हामातानी टेबलाशी बसून डबा खायचा. पूर्वी आम्ही दोघं बरोबर खायचो. आता तो वडीचा एक तुकडा रिंगच्या कडेला ठेवायचा आणि वर बघून बोलायचा. बुरी कसा आला, कारखान्यात कोणत्या लग्नाची वडी रंगवली, तोकोयाचे दात कसे पडायला लागलेत. मला बोलावलं तरी मी तिकडे गेलो नाही. भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला हेवाही वाटायचा. माझ्याशी तो कधी इतकं बोलला नाही.

अशी अकरा वर्षं गेली. आठवी, नववी, दहावी करत पंधरावी जोडी आली. हामातानी तोराओकापेक्षा मोठा झाला, त्याचे केस पांढरे झाले. ते मीच कापत होतो, म्हणून मला माहीत.

दोन हजार बाराच्या हिवाळ्याच्या तोंडावर मिझुहाशींनी संघ बंद करायचं ठरवलं. वय झालं, पैलवान उरले नाहीत. डिसेंबरात शेवटचा कार्यक्रम, त्यात जोडीचा शेवटचा सामना. जे जिंकतील त्यांच्या नावावर पट्टे कायमचे बंद करून पेटीत ठेवायचे. रिंग मोडीत काढायची. मी हामातानीकडे बघितलं. तो माशाची वडी कापावी तशी शांतपणे वही बंद करत होता, पण त्याला पेनाचं टोपण लावता येईना.

त्या मंगळवारी तो माझ्या खुर्चीत होता, तोंडभर साबणाचा फेस, मी वस्तरा परजतोय, तेवढ्यात दार सरकवून फुमिए-सान आत आली. फुमिए म्हणजे तोराओकाची बायको. नवरा गेल्यावर ती हामातानीच्याच कारखान्यात लागली, त्याच्या शेजारच्या टेबलावर लग्नात शुभ मानतात त्या 'ताई' नावाच्या माशाच्या आकाराच्या वड्यांना रंग द्यायची. अकरा वर्षं दोघं कोपराला कोपर लावून काम करत होते, आणि मला माहीत आहे तोवर हवापाण्यापलीकडे बोलले नव्हते. तिच्या हातात पिशवी होती. पिशवीत कागदी फिती.

फेकायच्या फितीच्या गुंडाळीत मध्ये पुठ्ठ्याची नळी असते. ती तशीच फेकली तर पैलवानाला लागते. म्हणून खरे चाहते घरी बसून नळी काढतात आणि फीत हाताने परत गुंडाळतात. फुमिएच्या पिशवीतल्या सगळ्या गुंडाळ्या पिवळ्या होत्या.

ती बाकावर बसली, एक गुंडाळी काढली, नळी उपसली, आणि फीत परत गुंडाळत म्हणाली, "हामातानी-सान, एक राहिलाय."

फेसाच्या आत हामातानी पांढरा पडला असणार. उठून पळायची सोय नव्हती, वस्तरा माझ्या हातात होता.

"तुम्हाला... माहीत होतं?"

"नवरा माझा होता. मी नाही मोजणार तर कोण मोजणार?"

"मग अकरा वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही थांबलात, मला बरं वाटलं." तिने फीत गुंडाळायचं थांबवलं नाही. "दर सामन्याला मी लाल कोपऱ्यासमोर बसते. मला तो दिसत नाही. दोरी दिसते. मला तेवढं पुरत होतं. मी म्हणायचे, घरी नाही तर तिथे आहे ना, असू दे. आपण दोघांनी मिळून त्याला उभं करून ठेवलंय, हामातानी-सान. तुम्ही एकट्याने नाही."

तिने दुसरी गुंडाळी काढली आणि नळी उपसली.

"पण आता रिंगच राहणार नाही," ती म्हणाली. "दोर नाहीत, कोपरा नाही. त्याला टाळी मिळालेली नाही, तो जागा सोडणार नाही. मग तो उभा कुठे राहील?"

हामातानी रडला. फेसातून ओघळ आले, आणि मी ते टॉवेलने पुसले, कारण दुसरं काय करावं कळेना. फुमिएने गुंडाळी पिशवीत टाकली, आम्हा दोघांना वाकून नमस्कार केला, आणि गेली.

"देशील ना?" मी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आत्ता म्हणतो देईन. हात वर गेला की काय होईल माहीत नाही."

डिसेंबरातला पहिला रविवार. दुपारी दोनला हॉल भरलेला, बाहेर समुद्र शिशासारखा, थंडी दाराच्या फटीतून पायांशी येत होती. सकाळी मी लाल कोपऱ्यातली दोरी बघून आलो होतो. ताठ. शेवटचा सामना जोडीचा होता. पंधरावी अजिंक्य जोडी म्हणजे तोच इशिगुरो, आता नोगामी नावाच्या दुसऱ्या जोडीदाराबरोबर. दोघं लाल कोपऱ्यात आले आणि खांबापासून दोन पावलं सोडून उभे राहिले. तिथे अकरा वर्षं कोणीच खांबाला टेकून उभं राहत नसे. शिकवावं लागायचं नाही.

अजिंक्यपदाचा कागद वाचला गेला. मी आधी निळ्या कोपऱ्याची नावं पुकारली, निळ्या फिती आल्या. मग लाल कोपऱ्याची पुकारली, इशिगुरोच्या लाल आणि नोगामीच्या हिरव्या फिती आल्या. फिती वेचून रिंग साफ झाली. पंच हामातानीकडे बघून घंटेसाठी मान हलवणार, तेवढ्यात समोरच्या रांगेत फुमिए उठून उभी राहिली आणि तिने एकच पिवळी फीत फेकली.

फीत रिंगवरून उलगडत लाल कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला गेली, आणि तिथेच थांबली. खाली पडली नाही. मध्ये वाकलेली, दोन्ही टोकं लोंबत, माणसाच्या खांद्यावर पडते तशी ती हवेत राहिली. लोक मागाहून म्हणाले दोरावर अडकली असेल. मी तिथून चार हातांवर होतो. सगळ्यात वरचा दोर तोराओकाच्या छातीला लागायचा. फीत त्या दोराच्या वीतभर वर होती, आणि श्वास घेतल्यासारखी थोडी वरखाली होत होती.

सातशे माणसं त्या फितीकडे बघत होती. कुठेतरी एक बाई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायला लागली.

हामातानी उठला. पंचवीस वर्षांत त्याने रिंगवर पाऊल ठेवलं नव्हतं, मी म्हटलं तरी ठेवलं नव्हतं. परीक्षेत नापास झालेल्या माणसाने चढायचं नसतं म्हणायचा. त्याने बूट काढले, टेबलाखाली जोडून ठेवले. घड्याळ माझ्या हातात दिलं. तुटक्या गुडघ्याने तो पायऱ्या चढला आणि दोरांमधून आत गेला. इशिगुरो आणि नोगामी बाजूला सरकले. तो रिंगमधून, म्हणजे आतल्या बाजूने, लाल कोपऱ्याशी आला. लढणारा माणूस येतो तसा.

पाठ आमच्याकडे नव्हती, म्हणून त्याचा चेहरा मला दिसला. तो चौदा वर्षांच्या पोरासारखा लाजला होता.

"गेन," तो म्हणाला, "उशीर झाला."

आणि त्याने उजवा हात उचलून समोर हवेत मारला. टाळी वाजली. एका हाताने टाळी वाजत नाही, पण ती वाजली, मोठी, ओल्या तळव्यांची, हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली. माझ्या हातातलं घड्याळ मी इतकं दाबलं होतं की ते सुरू झालं.

हामातानी खाली आला. बूट घातले नाहीत. मोज्यांवरच टेबलाशी उभा राहिला, हातोडी घेतली, हात वर नेला. हात वर थांबला. मी त्याच्याकडे बघितलं नाही, लाल कोपऱ्याकडे बघितलं. फीत अजून तिथेच होती. पण आता ती खांबाजवळ नव्हती. ती दोरांच्या आतल्या बाजूला होती.

मग ठोका पडला. मी आयुष्यात इतके ठोके ऐकले, तसा दुसरा ऐकला नाही. अकरा वर्षं कोंडून ठेवलेला आवाज होता तो. नाद विरत गेला, विरत गेला, आणि पार विरला तेव्हा फीत सरळ खाली पडली. कोपऱ्यातली दोरी सैल होऊन खांबावर आपटली. फुमिए खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेर समुद्रावर पहिला गडगडाट झाला.

"दहा," हामातानी म्हणाला. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, "घड्याळ दे. सामना आहे."

त्या दिवशी इशिगुरो सरपटत कोपऱ्याशी गेला तेव्हा त्याला एकच हात दिसला. त्याने टाळी दिली, नोगामी आत आला, एकवीस मिनिटं आणि आठ सेकंदांत ते जिंकले. हामातानीने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, 'पंधरावी जोडी. राखले: एक वेळ.' खाली रेघ मारली. त्या वहीत त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पण टाळी दिली की जागा बदलते, देणारा बाहेर जातो आणि आपल्या पाळीची वाट बघतो. हे हामातानीला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते वर्षभर तो खुशीत होता. माझ्या दुकानात येऊन उगीच बसायचा, माझ्याशी बोलायचा. मला हवं तेवढं बोलला. पुढच्या हिवाळ्यात, पहिला गडगडाट झाला त्या सकाळी, कारखान्यात वाफेच्या भांड्याशी उभा असताना तो गेला. शेजारच्या टेबलावरून फुमिएने ऐकलं. म्हणाली, त्याने फक्त मान वर करून, "आला," म्हटलं.

संघ नव्हता, रिंग नव्हती. घंटा तेवढी माझ्या दुकानात होती. सोमवारी दुकान बंद ठेवून आम्ही जमलो. काजी, इशिगुरो, फुमिए आणि कारखान्यातली सात-आठ माणसं. आरशासमोर त्याचा फोटो, फोटोपुढे घड्याळ. माझ्या डावीकडे त्याची घडीची खुर्ची मी उघडून ठेवली होती, का ते विचारू नका. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ठोके द्यायला माझ्याशिवाय कोण होतं.

मी नऊ दिले. हातोडी वर नेली, आणि डावीकडे बघायचं नाही असं ठरवलेलं असूनही बघितलं. तो बसला होता. घड्याळ डोळ्यांपुढे धरून, कपाळाला आठ्या घालून, मला चार सेकंद उशीर झाला म्हणून वैतागलेला. मला तो तसाच हवा होता. दर मंगळवारी, दर रविवारी, कायमचा. मी त्याला एवढ्या शिव्या घातल्या होत्या त्या नवव्या ठोक्यावरून, आणि आता माझा हात खाली येईना.

माझ्या मनगटावर एक हात आला. फुमिएचा. तिच्या बोटांना वड्यांच्या रंगाचा गुलाबी डाग होता.

"एकदा अकरा वर्षं काढली, तोकोया-सान," ती हळू म्हणाली. "आता माझ्यात दम नाही."

आणि तिने माझा हात खाली दाबला.

ठोका पडला. नाद विरेपर्यंत मी आरशात बघत राहिलो. मग मौन संपल्याचं जाहीर केलं, आणि खुर्ची घडी करून भिंतीला लावली.